गोव्याच्या हवेत स्वस्तातलं सिंथेटिक वॅक्स: घरच्या घरी कसं लावायचं

गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात 300 ते 600 रुपयांना मिळणारं सिंथेटिक वॅक्स गोव्यात चालतं का? चालतं. 200-250 मिलीच्या एका बाटलीत छोट्या गाडीला दहा-बारा वेळा थर देता येतो, आणि रंगाचं जेवढं रक्षण कुठल्याही वॅक्सकडून होऊ शकतं त्यातला बराचसा भाग ही बाटली करते. महागडा डबा आणि ही बाटली यांच्यात फरक आहेच. पण त्याहून मोठा फरक पडतो तो पत्रा किती स्वच्छ होता, थर किती पातळ होता आणि दिवसाच्या कुठल्या वेळी काम केलं यानं. बाटलीवर छापलेलं ‘पाच ते दहा मिनिटं वाळू द्या’ हे वाक्य आपल्याकडच्या दमट हवेत शब्दशः धरलं की पंचाईत होते. म्हणून हे जरा सविस्तर.

बाटलीत काय असतं

जुन्या पद्धतीचं वॅक्स म्हणजे कार्नौबा. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवर साचणारं हे मेण 82 ते 86 अंशांना वितळतं. ते नुसतं रंगावर बसतं, त्यामुळे उन्हानं आणि साबणानं लवकर उतरतं. सिंथेटिक वॅक्समध्ये मुख्य काम सिलिकोनच्या जातीची पॉलिमर्स करतात. चांगल्या प्रकारात त्यांना अमिनो गट जोडलेले असतात, आणि ते रंगाच्या पृष्ठभागाला जास्त घट्ट धरतात. बाकी बाटलीत असतं ते पाणी, पेट्रोलियमचा सॉल्व्हंट आणि दोन्ही एकत्र ठेवणारे घटक. सॉल्व्हंट उडून गेला की मागे पांढरट पापुद्रा राहतो, तो पुसायचा. पुसल्यावर जे उरतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्याला हवं असतं ते तेवढंच. म्हणून जाड थर लावून काही मिळत नाही. वरचं सगळं फडक्यात जातं.

विकत घेताना लेबल नीट वाचा. ‘क्लीनर वॅक्स’, ‘पॉलिश अँड वॅक्स’, ‘वन स्टेप’ असं काही लिहिलं असेल तर आत बारीक घासणारी पूड आहे असं समजावं. ती वाईट नसते. जुन्या, उतरलेल्या रंगाची चकाकी परत आणायला वर्षातून एकदा ती उपयोगी पडते. पण दर दोन महिन्यांनी तीच वापरली तर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, झिजत जातो. हा थर बहुतेक गाड्यांवर 40-50 मायक्रॉनच असतो आणि गेलेला मायक्रॉन परत येत नाही. खात्री करायची असेल तर एखादी निकामी सीडी घ्या, तिच्या चकचकीत बाजूवर दोन थेंब टाकून मऊ फडक्यानं अर्धा मिनिट चोळा, पुसा आणि बल्बच्या उजेडात तिरकी धरून बघा. बारीक गोल रेघा दिसल्या तर घासणारं द्रव्य आहे. सीडी तशीच राहिली तर ते निव्वळ वॅक्स. मात्र त्याआधी तेच फडकं कोरडंच त्या सीडीच्या दुसऱ्या कोपऱ्यावर चोळून बघा, नाहीतर फडक्याच्या रेघांचा दोष बाटलीवर जाईल.

वॅक्सकडून काय होत नाही हेही आधीच माहीत असलेलं बरं. नखाला लागणारा ओरखडा त्यानं भरत नाही. आणि समुद्राकाठच्या गाड्यांना जो गंज लागतो तो वरच्या रंगातून सहसा सुरू होतच नाही. दरवाजाच्या तळाशी पाणी जायला जी भोकं असतात ती तांबड्या मातीनं बुजतात, आत खारट ओल साठते आणि पत्रा आतून खात जातो. रायबंदरहून चोडणला फेरीनं रोज ये-जा करणाऱ्या गाडीचे दरवाजे आणि खालचा भाग तर हमखास बघावा. प्लॅस्टिकची केबल-टाय घेऊन ही भोकं मोकळी करणं हे फुकटातलं काम आहे आणि गंजाच्या बाबतीत कुठल्याही वॅक्सपेक्षा जास्त मोलाचं.

कधी लावायचं

या सगळ्या कामात इथे सर्वात जास्त चुकते ती वेळ.

वॅक्सला तीन गोष्टी लागतात: सावली, गार पत्रा आणि त्यातल्या त्यात कोरडी हवा. मार्च ते मेमध्ये बाहेर उभ्या असलेल्या गडद गाडीचं बॉनेट 60-70 अंशांपर्यंत सहज तापतं. त्यावर थेंब पडला की सॉल्व्हंट लगेच उडतो आणि वॅक्स डागाडागांनी चिकटून बसतं. सावलीत आणून दहा मिनिटांत काम सुरू केलं तरी पत्रा आत तापलेलाच असतो. हाताची पालथी बाजू पत्र्यावर पाच सेकंद ठेवून बघा. ऊब जाणवली तरी थांबा.

उलट पहाटे पत्रा गार असतो, पण ओला असतो. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांगे, काणकोणकडे दव इतकं पडतं की पुसलेलं बॉनेट अर्ध्या तासात परत पाणावतं. अशा वेळी लावलेलं वॅक्स वाळत नाही, नुसतं पसरतं. दुपारनंतर पश्चिमेचा समुद्रवारा सुरू होतो, तो ओल आणि मीठ दोन्ही घेऊन येतो. मिरामार, कळंगुट, कोलवा पट्ट्यात संध्याकाळी काचेवरून बोट फिरवून बघा, चिकट लागतं ते हेच.

मग उरते ती सकाळची मधली वेळ. पावसाळा सोडला तर साधारण नऊ ते अकरा या वेळेत दव गेलेलं असतं, वारा जमिनीकडून वाहत असतो आणि समुद्रवारा अजून आलेला नसतो. पोर्चमध्ये किंवा घराच्या पश्चिमेच्या सावलीत गाडी आदल्या रात्रीपासून उभी असेल तर पत्राही गार मिळतो. याच वेळेत वॅक्स करा. धुणं त्याआधी, सात-साडेसातला उरकून घ्या.

वर्षाचा हिशेब सोपा आहे. पहिला मोठा हात पावसाळ्याआधी, मेच्या मध्यावर. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण वळवाच्या सरी त्याआधीच येतात, त्यामुळे महिनाअखेरीची वाट बघू नये. दुसरा हात पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी. मधे कधी करायचं ते पुढे येईलच.

धुणं आणि माती

तांबडी माती हा आपला खरा शत्रू. जांभ्या दगडाच्या या धुळीत लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असतात, शिवाय वाळूचे कण. चिऱ्यांच्या खाणीजवळ किंवा बांधकामाजवळ ती गाडीवर बसतेच. डिचोली, सांगे, धारबांदोड्याच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर राहत असाल तर गाडीवर हेमाटाइटची भुकटी असते, जी क्लिअर कोटपेक्षा बरीच कठीण असते. सकाळी ऑफिसला जाताना कोरड्या कापडानं झटकून पुसायची सवय रंगाला सर्वात जास्त घातक आहे. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेघा दिसतात त्यातल्या बहुतेक याच सवयीच्या.

आधी नुसत्या पाण्याचा फवारा द्या, पाच मिनिटं तरी, वरून खाली. चाकांच्या कमानीत आणि दरवाजाखालच्या पट्टीवर जास्त वेळ. मग दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. गाडीच्या शाम्पूचं प्रमाण बाटलीवर असतं, बहुधा 10 लिटरला 30 मिलीच्या आसपास. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको. ती रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडते आणि आधीचं वॅक्सही ओढून काढते. टपावरून सुरुवात करा, एक भाग धुतला की हातमोजा साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच परत शाम्पूत बुडवा. बंपर आणि दरवाजांचा खालचा तिसरा हिस्सा सगळ्यात शेवटी, शक्यतो वेगळ्या फडक्यानं. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जो तांबडा गाळ बसतो तो बघितला की दुसरी बादली कशाला हे कुणाला सांगावं लागत नाही.

पाण्याकडेही लक्ष द्या. किनाऱ्याजवळच्या विहिरींना आणि बोअरवेलना खारटपणा असतो, काही ठिकाणी लोह असतं. असं पाणी पत्र्यावर वाळलं की पांढरे किंवा तांबूस ठिपके राहतात आणि त्यावर वॅक्स लावलं तर ते आत बंद होतात. शेवटची एक बादली तरी नळाच्या पाण्याची घ्या आणि लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं टिपा. घासायचं नाही, टॉवेल पसरून ओढायचा.

टिपून झाल्यावर चारही दरवाजे, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडून कडा पुसा. आरशांच्या फटीत, नंबरप्लेटमागे, कंपनीच्या चिन्हामागे पाणी दडलेलं असतं. वॅक्स लावताना आरशातून ओघळ आला की तिथला थर फुटतो आणि त्याची रेघ राहते. दोन मिनिटं गाडी पुढे-मागे करून ब्रेक मारा. अडकलेलं बरंचसं पाणी बाहेर येतं.

क्ले, आणि क्लेची गरज कुणाला

धुतलेल्या, वाळलेल्या पत्र्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. उघड्या बोटांना न लागणारा खरखरीतपणा पिशवीतून स्पष्ट लागतो. ब्रेकची लोखंडी धूळ, रंगकामाचे तुषार, सिमेंट, वास्कोच्या बाजूला कोळशाची काळी भुकटी, झाडाचा चीक, असलं काहीतरी रंगात रुतलेलं असतं आणि ते शाम्पूनं निघत नाही. ते काढायला क्ले लागते, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी चिकणमातीसारखी मऊ वडी. पिशवीखाली पत्रा गुळगुळीत लागला तर क्ले करू नका, त्यानंही हलक्या रेघा पडू शकतात. खरखर लागली तर 50 ग्रॅमचा तुकडा घ्या, हातात मळून चपटा करा, पत्र्यावर शाम्पूचं अगदी फिकट पाणी भरपूर फवारा आणि जोर न देता सरळ रेषेत फिरवा. आवाज थांबला, हात सरकू लागला की झालं. तुकडा घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर आणत राहा. जमिनीवर पडला तर तो फेकूनच द्या. आपल्या अंगणातली बारीक खडी त्यात एकदा रुतली की निघत नाही.

झाडांबद्दल दोन शब्द इथेच. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहराच्या दिवसांत काचेवर आणि बॉनेटवर बारीक चिकट तुषार दिसतात. तो मोहरावरच्या तुडतुड्यांचा गोड स्राव. त्यावर काही दिवसांत काळी बुरशी चढते. ताजा असताना कोमट पाण्यानं निघतो, बुरशी धरली की क्ले लागते. काजूचा डीक त्याहून चिवट. तो वाळला की खरवडायचा नाही, कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याखाली भिजवून मऊ करायचा आणि उचलायचा.

शेवटची सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. औषधांच्या दुकानात 70 टक्क्यांचं मिळतं. एक भाग ते आणि तीन भाग साधं स्वच्छ पाणी, म्हणजे साडेसतरा टक्के. फवारा आणि कोरड्या फडक्यानं लगेच पुसा. जुन्या वॅक्सचा आणि शाम्पूचा तेलकट अंश यानं जातो आणि नवीन सिंथेटिक वॅक्सला धरायला उघडा रंग मिळतो. नुकत्याच नव्यानं रंगवलेल्या भागावर मात्र हे नको, वॅक्सही नको. गॅरेजमध्ये रंग मारून आणल्यावर किती दिवस थांबायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा. ते रंगाच्या प्रकारावर असतं आणि महिना-दोन महिने सांगितले तर ते तसेच पाळावेत.

लावणं

मॅट रंगाच्या गाडीला हे वॅक्स लावू नका, चट्टे पडतात आणि ते सहज जात नाहीत.

बाहेरचं काळं, खरखरीत प्लॅस्टिक आधी मास्किंग टेपनं झाका: वायपरखालची जाळी, दरवाजाच्या पट्ट्या, बंपरच्या कडा. तिथे वॅक्स गेलं की दाण्यांमध्ये पांढरं वाळून बसतं. गेलंच तर जुना मऊ टूथब्रश आणि वरचं अल्कोहोलचं मिश्रण घेऊन, पांढरं ताजं असतानाच काढा.

बाटली नीट हलवा, अर्धा मिनिट तरी. स्पंज किंवा मायक्रोफायबरचा ॲप्लिकेटर पहिल्यांदा एकदाच किंचित ओलसर करून पूर्ण पिळा, म्हणजे तो पहिलं वॅक्स स्वतःच पिऊन टाकत नाही. मग दहा रुपयांच्या नाण्याएवढा ठिपका घ्या. अर्ध्या बॉनेटला किंवा एका दरवाजाला तेवढा पुरतो. सुरुवातीला ठिपका पत्र्यावर चार-पाच ठिकाणी टेकवा आणि मग दोन फूट बाय दोन फुटांच्या तुकड्यात पसरवा, आधी आडवं, मग उभं. गोल गोल फिरवू नका. त्यानं वॅक्सला अपाय होत नाही, पण फडक्यात एखादा कण असला तर गोल रेघ उठते, जी सरळ रेघेपेक्षा जास्त डोळ्यांत भरते. जोर अजिबात नको. योग्य थर तिरक्या उजेडात नुसता धूसर दिसतो. पांढरे ओघळ किंवा ॲप्लिकेटरच्या कडेला मलईची रेघ दिसली तर प्रमाण दुप्पट झालं आहे. पूर्ण छोट्या गाडीला एका हाताला 15-20 मिली पुरे.

वाळलं का ते घड्याळावर ठरवू नका. बोटाला मायक्रोफायबरचं टोक गुंडाळा आणि थरावरून एक सरळ रेघ ओढा. रेघेखाली स्वच्छ चकचकीत रंग उघडा पडला तर पुसायला हरकत नाही. रेघ तेलकट फासली गेली तर अजून थांबा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या चांगल्या सकाळी दहा-पंधरा मिनिटं लागतात, मेमधल्या दमट दिवशी वीस ते तीस. म्हणून सगळ्या गाडीला एकदम लावून ठेवणं टाळा. दोन भाग लावा, पहिला पुसा, तिसरा लावा, असं चाललं की हात रिकामा राहत नाही आणि कुठला थर जुनाही होत नाही.

पुसायला मायक्रोफायबरची दोन फडकी हवीत, 300 ते 400 जीएसएमची (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन). पहिल्यानं पापुद्रा उचलायचा, दुसऱ्यानं हलक्या हातानं चमक आणायची. पहिलं फडकं चार घड्यांचं करा, बाजू भरली की पालटा. जुना बनियन वापरू नका, त्याची शिवण आणि सुकलेलं सूत रेघा उठवतं. आणि फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद.

दुसरा हात द्यायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी. लगेच दिला तर दुसऱ्या थरातला सॉल्व्हंट पहिल्या, न जमलेल्या थराला विरघळवतो आणि सगळं परत फडक्यात येतं. दुसऱ्या हाताचा खरा फायदा जाडी वाढणं हा नाही. पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरतात, आणि पांढऱ्या, चंदेरी गाड्यांवर त्या हमखास सुटतात, कारण थर दिसतच नाही. अशा गाडीसाठी मोबाईलचा टॉर्च पत्र्याला तिरका धरून काम करा.

पहिले बारा तास, जमल्यास चोवीस, पाणी आणि दव दोन्ही लागू देऊ नका. गाडी पोर्चमध्ये ठेवा, पण कापडी कव्हर घालू नका. ताज्या थरावर कव्हर वाऱ्यानं घासलं की खालची धूळ रंगात घासली जाते.

बिघडलं तर

वॅक्स कडक होऊन बसलं आणि फडक्यानं हलेना, तर जोर लावू नका. त्याच वॅक्सचा अगदी पातळ नवा हात त्यावर फिरवा आणि लगेच, ओला असतानाच पुसा. नवा सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतो. उन्हात लावून घट्ट बसलेले डागही बहुधा याच उपायानं निघतात.

पुसल्यावर इंद्रधनुषी, तेलकट पट्टे राहिले तर थर जाड होता किंवा हवेत ओल जास्त होती. घाई करू नका. दोन-तीन तासांनी किंवा दुसऱ्या सकाळी कोरड्या स्वच्छ फडक्यावर हलकी वाफ तोंडानं सोडून पुसा. बहुतेक पट्टे जातात. तरीही राहिले तर अल्कोहोलचं मिश्रण घेऊन तेवढाच भाग साफ करून परत लावा.

समोरच्या काचेवर वॅक्स गेलं तर पावसात वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसतात. काच आणि वायपरचं रबर दोन्ही अल्कोहोलच्या मिश्रणानं दोन-तीनदा पुसा. नुसती काच पुसून भागत नाही, रबर परत फासतं.

स्वतः तपासायचं असेल तर

बाटली चांगली की नाही हे दुकानदार सांगेल त्यावर सोडू नका. बॉनेटच्या बरोबर मध्यातून मास्किंग टेप लावा, डावा अर्धा नव्या वॅक्सचा आणि उजवा नुसता स्वच्छ केलेला. दोन बाटल्यांची तुलना करायची असेल तर तीन पट्टे करा आणि एक कोरा ठेवा. कोरा पट्टा नसेल तर तुलनेला अर्थच राहत नाही. मग दर आठवड्याला नेहमीसारखं धुऊन झाल्यावर कॅनमधून हळू पाणी सोडा आणि तिन्ही पट्टे बघा.

थेंब गोल, उंच उभे राहतात तिथे थर आहे. पाणी पसरून सपाट चिकटून बसतं तिथे तो गेला आहे, किंवा झाकला गेला आहे, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. तांबडी धूळ आणि मीठ यांचा पातळ पापुद्रा वॅक्सवर चढला की थेंब उभे राहत नाहीत, पण खाली वॅक्स शाबूत असतं. म्हणून आधी शाम्पूनं धुवा, मगच निकाल द्या. धुतल्यावर थेंब परत उभे राहिले तर पुन्हा वॅक्स लावायची गरज नाही. थेंबांवरूनच सगळं ठरवणंही बरोबर नाही. उन्हात उभ्या गाडीवर तेच गोल थेंब वाळून त्यातल्या क्षारांचे ठिपके पडतात, म्हणून पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं की गाडी पुसून घेणं चांगलं.

स्वस्त सिंथेटिक वॅक्स पोर्चमधल्या गाडीच्या दरवाजांवर दोन ते तीन महिने टिकतं. दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर महिना-दीड महिना धरा. सपाट भाग नेहमी आधी जातात, त्यामुळे सगळ्या गाडीला परत लावण्याऐवजी टप, बॉनेट आणि डिकीला मधे एक जादा हात देणं किफायतशीर पडतं. थोड्याशा वॅक्सचं काम आहे.

पावसाळ्यात बाटलीतलं हे मलईदार वॅक्स विसरा, ते वाळणार नाही. त्या दिवसांत ओल्या पत्र्यावर मारून धुवायचं फवाऱ्याचं वॅक्स जास्त सोयीचं. शाम्पू धुऊन काढल्यावर ओल्या गाडीवर एका भागाला दोन फवारे, लगेच पाण्यानं धुवा, टिपा. टिकतं कमी, पण मेमध्ये लावलेल्या थराला ते सावरून धरतं. चतुर्थीच्या आसपास दोन-चार दिवसांची उघडीप मिळाली आणि सकाळी पत्रा कोरडा राहिला, तर तेवढ्यात सपाट भागांना मलईचा एक हात देता येतो.

पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा मात्र कुठल्याही वॅक्सवर सोडून देऊ नये. ती आम्लधर्मी असते, उन्हात क्लिअर कोट मऊ होतो, रात्री गार होताना विष्ठेच्या कडेभोवती आक्रसतो आणि तिथे खड्ड्यासारखा ठसा पडतो. वॅक्समुळे तुम्हाला काही तासांची सवलत मिळते, इतकंच. गाडीत पाण्याची छोटी फवारणी बाटली आणि एक फडकं ठेवा. भिजवा, दोन मिनिटं थांबा, उचलून घ्या. घासू नका, त्यात बियांची टरफलं असतात. शिगम्यातला गुलालही असाच आधी पाण्यानं उडवायचा, कोरडा पुसायचा नाही.

फडकी वापरून झाली की त्याच दिवशी कोमट पाण्यात साध्या द्रव साबणानं धुवा, फॅब्रिक कंडिशनर नको, आणि सावलीत वाळवा. ॲप्लिकेटर झाकणाच्या डब्यात ठेवा, कपड्यांबरोबर नाही. बाटली घट्ट बंद करून घरात ठेवा, डिकीत नको. उन्हात डिकी तापून आतलं पाणी आणि वॅक्स वेगळं होतं. हलवूनही ते एकजीव होत नसेल आणि गुठळ्या राहत असतील, तर ती बाटली रंगाला लावू नये.